टँकरच्या वेळेचा फळा

मी फळा बोलतोय. काळा, लाकडी, खडूनं लिहायचा. माझं बोलणं थोडं मास्तरी वाटलं तर वाटू द्या, अर्ध्याहून जास्त आयुष्य शाळेत गेलंय. मध्येच एखादं 'लई' नाहीतर 'नाय' आलं तर तेही चालवून घ्या, कारण उरलेलं आयुष्य पाण्याच्या रांगेसमोर उभं राहण्यात गेलं. दोन्हीकडचं अंगाला लागलंय, आता ते काही निघायचं नाही.

फुलंब्रीच्या एका सुतारानं आंब्याच्या फळ्या जोडून मला बनवलं आणि जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत चौथीच्या वर्गात टांगलं. दर पंधरवड्याला पोरं जुन्या सेलमधली काळी पूड आणि पाल्याचा रस कालवून मला फासायची. निम्मा लेप मला आणि निम्मा त्यांच्या सदऱ्यांना. मग मी असा काही चमकायचो की मास्तर पहिली ओळ लिहायच्या आधी क्षणभर थांबायचे.

तीस वर्षांनी शाळेत पांढरा बोर्ड आला, वर एक मोठा पडदाही आला. मला काढून सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांवर टाकलं. राग आला, खोटं कशाला सांगू? त्यातून तो पडदा वीज गेली की माझ्यापेक्षा काळा दिसायचा, पण त्याला कुणी काही बोललं नाही.

मग दुष्काळ पडला. दोन हजार बारा-तेराची गोष्ट. गावातली माणसं शहराकडं निघाली, तसे कडुबा आणि त्याची बायको आशाबाईही निघाले. कडुबा गवंडी. शहर तेव्हा पिसादेवीच्या रस्त्याला इतकं पसरत होतं की गवंड्याला एक दिवस उसंत नव्हती. निघताना तो शाळेत कसला तरी दाखला घ्यायला आला, तेव्हा हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवून म्हटलं, "हा घेऊन जा, आडोशाला होईल." टेम्पोत भांड्याकुंड्यांवर आडवा पडून मी शहराकडं निघालो. मनात म्हटलं, शहरातली शाळा म्हणजे केवढी मोठी असेल.

मला न्हाणीच्या आडोशाला लावलं. चौथीच्या वर्गात भागाकार अंगावर वागवलेला मी, आणि माझ्या पाठीवर आता साबणाचं पाणी उडत होतं. तीन वर्षं असा उभा होतो. तरी एक सांगतो, माणसं न्हाणीत गातात तेवढी मोकळी शाळेत कधी गात नाहीत.

आता जागा समजून घ्या. रस्त्याच्या एका बाजूला अकरा पत्र्याची घरं, तिला सगळे 'लाइन' म्हणतात. समोर अक्षयविहार कॉलनी, बंगले नवे, रंग ताजे. नळ मात्र दोन्हीकडं नव्हता. दर तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा, मधल्या मोकळ्या प्लॉटवर कडुनिंबाखाली थांबायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात निघून जायचा. कधी सकाळी आठला, कधी भर दुपारी, कधी चारला. त्याची वेळ त्या दिवशी सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायची. लाइनीत फोन तीन, त्यातले दोन बटणांचे. तिसऱ्यात इंटरनेट होतं, पण तो आशाबाईंच्या मुलाचा, कृष्णाचा. कृष्णा शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, आणि फोन अर्थातच त्याच्या खिशात.

आशाबाईंचे डबे होते. कृष्णाच्या कंपनीतल्या वीस पोरांना दोन्ही वेळचं जेवण त्या करून पाठवायच्या. कणीक मळायला पाणी, डाळीला पाणी, डबे घासायला पाणी. त्या उन्हाळ्यात दोनदा असं झालं की आशाबाई भाजी आणायला गेल्या आणि टँकर येऊन गेला. दोन्ही वेळा डबे बुडाले. कृष्णा संध्याकाळी येऊन म्हणाला, "आई, पोरं बोलायलीत. अजून एकदा असं झालं तर दुसरीकडं डबा लावतील." आशाबाई माझ्या शेजारी न्हाणीच्या दगडावर बसून रिकाम्या ड्रमाकडं बघत राहिल्या. मला बाईंचं लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्ता ओलांडून समोरच्या पहिल्याच बंगल्याची कडी वाजवली. तिथं अनंतराव राहायचे. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा सदरा, अक्षर छापल्यासारखं.

"काका, टँकर कव्हा येतो ते तुमाला आधीच कसं कळतं ओ?"

"ग्रुपवर येतं ना सकाळी."

"मंग आमाला बी घ्या की त्या ग्रुपात."

अनंतरावांनी लगेच ग्रुप चालवणाऱ्या विश्वजितला विचारलं. विश्वजित सॉफ्टवेअरवाला, स्वभावानं वाईट नाही, पण नियमांचा पक्का. "काका, ग्रुप फक्त प्लॉटधारकांचा आहे. आणि त्यांच्याकडं तसले फोन तरी कुठं आहेत?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि तरी वीस डबे बुडत होते, हेही खरंच होतं.

अनंतरावांनी मग दर खेपेला कुंपणावरून हाक मारून वेळ सांगायचं ठरवलं. पण काम करणाऱ्या बाया सकाळी सातलाच बाहेर पडायच्या, हाक ऐकायला घरी असायचं कोण? अशीच एकदा हाक मारायला आले आणि त्यांची नजर न्हाणीकडं गेली. चष्मा वर करून त्यांनी मला नीट पाहिलं.

"आशाबाई, हा फळा आहे की हो."

"व्हय, शाळेतला हाय. आडोसा करून ठिवलाय."

तासाभरात कडुबानं न्हाणीला पत्रा ठोकला आणि मला धुऊन-पुसून कडुनिंबाच्या बुंध्याला, टँकरच्या जागेवर, खिळ्यांनी पक्कं बसवलं. अनंतरावांच्या घरातून खडू आले. तीन वर्षांनी अंगाला खडू लागणार म्हणून मी नुसता शहारलो.

आणि अनंतरावांनी काय लिहावं? ऐका. "जा. क्र. १. विषय : पाण्याच्या टँकरच्या आगमनाबाबत. संदर्भ : ग्रुपवरील आजचा संदेश, सकाळी ७.१०. उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर टँकर आज रोजी अंदाजे दुपारी ४.०० वाजता उपस्थित राहील. तरी याची नोंद घेण्यात यावी." खाली झोकदार सही. एवढ्या गर्दीत चारचा आकडा बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

आशाबाई गावात चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचायला हळू. त्या बोट फिरवत उपरोक्तपर्यंत आल्या आणि अडल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडल्या.

"काका, अक्षर लई देखणं हाय. पण ह्याच्यात पाणी कुठंय?"

अनंतराव आधी गोरेमोरे झाले, मग हसू लागले. त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू फाटकात उभ्या होत्या, त्यांनी संधी सोडली नाही. "मलासुद्धा चिठ्ठी अशीच लिहितात," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेपासून माझ्यावर फक्त एवढंच असायचं : "टँकर आज ४ ला." विषय गेला, संदर्भ गेला, सही गेली. मोठ्या अक्षरात चार शब्द, सायकलवरून जाणाऱ्यालाही वाचता येतील असे.

तो महिना काय सांगू. बाया एका घरून दुसऱ्या घरी कामाला जाताना माझ्याकडं बघायच्या, वेळ डोक्यात ठेवायच्या, त्या वेळेला बरोबर हजर. एकही डबा बुडाला नाही. रांगेत हंडे आधी येऊन बसायचे, माणसं मागून. कुणाचा हंडा कुठला ते अख्ख्या लाइनीला पाठ होतं, कुणाला पोचा, कुणाच्या गळ्याला लाल चिंधी. अनोळखी हंडा रांगेत दिसला की आधी विचारायचं, कुणाचा हाय? कुणीच 'माझा' म्हणालं नाही तर तो उचलून बाजूला. त्यावर वाद नाही, भांडण नाही, रांगेचा कायदाच तसा.

हळूहळू माझ्यावर आणखी गोष्टी यायला लागल्या. शाळेच्या प्रवेशाची शेवटची तारीख, डोळे तपासणीचं शिबिर, रेशनचं दुकान कधी उघडं. सगळं अनंतरावांच्या फोनातून. कडुबाला तर चेवच आला. एकदा ग्रुपवरची कुजबुज कानावर आली म्हणून त्यानं लिहिलं, "सात नंबरच्या बंगल्यात नवरा-बायकोचं वाजलं." अनंतराव स्वतः फडकं घेऊन आले. "कडुबा, टँकर सगळ्यांचा आहे, तो सगळ्यांना कळू दे. हे त्या दोघांचं आहे, ते त्यांच्यापाशी राहू दे." कडुबानं मान खाली घालून पुसलं. मलाही बरं वाटलं, असलं काही अंगावर मिरवायला मी काय चावडी आहे?

कॉलनीत मात्र चुळबूळ सुरू झाली. विश्वजित एका रविवारी अनंतरावांकडं आला. "काका, लोक विचारतात, ग्रुपमधली माहिती बाहेर कशी जाते? आपण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाठपुरावा करतो, फोन लावतो, तेव्हा ती वेळ मिळते."

"बरोबर आहे तुझं," अनंतराव म्हणाले. "कष्ट तुम्ही करता. पण टँकर तर दोघांचा आहे ना? मग वेळ एकट्याची कशी?"

विश्वजित चहा पिऊन गेला. पटलं होतं असं नाही, पण विषय तिथंच थांबला.

आणि मग माझ्या हातून ते पाप घडलं. मी हात नसलेला, तरी पाप माझंच. मीनाक्षीकाकूंच्या भावाच्या कुठल्याशा ग्रुपवरून एक संदेश फिरत फिरत अनंतरावांच्या फोनात आला. "महत्त्वाची सूचना. उद्या दुरुस्तीमुळे टँकर येणार नाही, परवा येईल. जास्तीत जास्त लोकांना कळवा." अनंतरावांना वाटलं, लोक उगाच खोळंबतील. धावत आले आणि लिहून गेले, "टँकर उद्या नाही. परवा." चार शब्द, मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सगळी लाइन निर्धास्त कामाला गेली. आशाबाई दोन्ही वेळचे डबे पहाटेच देऊन आईला भेटायला फुलंब्रीला गेल्या. अनंतरावही, टँकर नाहीच म्हणून, ग्रुप न बघताच काकूंसोबत बाहेर गेले. आणि सकाळी साडेदहाला टँकर आला. कॉलनीत दोन-तीन घरी माणसं होती, त्यांनी पाइप लावले. लाइनीचा एकही हंडा नव्हता. टँकरवाल्यानं चार वेळा भोंगा वाजवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आज नै आता, ऐसा किसने लिखा रे? मैं तो आया ना." थोडा थांबला आणि निघून गेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण फळ्याला जेवढं कुणी लिहील तेवढंच बोलता येतं.

आशाबाई संध्याकाळी आल्या तेव्हा ड्रम तळाला गेला होता. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. पदर खोचून माझ्यासमोर आल्या. अनंतरावही पडलेल्या चेहऱ्यानं येऊन उभे राहिले.

"काका, हे कुनी सांगतलं व्हतं?"

अनंतरावांनी फोन काढला. मेव्हण्याकडून आलं. मेव्हण्याला त्याच्या साडूकडून. साडूला कुणाकडून, माहीत नाही. गाव कुठलं, वर्ष कुठलं, कशाचाच पत्ता नाही. मेव्हण्यानंच मग फोनवर सांगितलं की हे गेल्या उन्हाळ्यातही फिरत होतं.

"म्हणजे ह्याला धनीच नाय," आशाबाई म्हणाल्या. "रांगेत बिनधन्याचा हंडा दिसला तर आपण तो काढून टाकतो. आन् हे बिनधन्याचं आपण फळ्यावर लिव्हलं."

अनंतराव तिथंच दगडावर बसले. "बत्तीस वर्षं संदर्भ असल्याशिवाय एक कागद पुढं सरकू दिला नाही हो मी. आणि इथं, जिथं खरी गरज होती, तिथं तीच ओळ पुसली."

"ती मीच पुसायला लावली काका. मला वाटलं, कचेरीची मिजास हाय. ती ओळ कामाची व्हती."

त्या संध्याकाळी अनंतराव आणि मीनाक्षीकाकू दोघं आपल्या टाकीतल्या पाण्याच्या बादल्या रस्त्यापलीकडं नेत होते. दुसऱ्या दिवशीचे वीसच्या वीस डबे गेले, जरा उशिरानं गेले एवढंच. आणि त्यानंतर माझ्या खालच्या कडेला तेलरंगानं तीन ओळी आल्या, कधीच पुसल्या न जाणाऱ्या. अनंतराव ब्रश घेऊन 'कोणी सांगितले' असं लिहायला लागले, तर आशाबाई म्हणाल्या, "आमच्या बोलीत लिव्हा, म्हणजे म्हाताऱ्यांना बी कळंल." म्हणून आजही माझ्या अंगावर आहे : कुणी सांगतलं. कव्हा सांगतलं. कुणी लिव्हलं. अनंतरावांनी आयुष्यात प्रथमच 'कव्हा' लिहिलं, आणि बाजूला होऊन बघत बराच वेळ हसत राहिले.

पुढच्या वर्षी अनंतरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी पंधरा दिवस फोनकडं बघायचं नाही म्हणून बजावलं. ऐन एप्रिल, आणि वेळ लिहिणार कोण? अनंतरावांनी विश्वजितला बोलावून घेतलं. "आशाबाईंचा नंबर ग्रुपमध्ये घाल. कृष्णानं त्याचा जुना फोन दिलाय त्यांना, इंटरनेटवाला." विश्वजितनं नियम आठवला, मग हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्याकडं पाहिलं. "तात्पुरतं हं, काका," म्हणाला आणि नंबर घातला.

तिसऱ्याच दिवसाची गोष्ट. आशाबाई पोळ्या लाटत होत्या. ड्रमात फार तर घागरभर पाणी उरलेलं. फोन वाजला. मला कसं कळलं म्हणाल, तर त्या तशाच पिठाच्या हातानं माझ्यासमोर आल्या आणि पुटपुटत वाचायला लागल्या. "टँकर आज अकराऐवजी साडेनऊला येईल. अर्धाच भरलेला आहे."

अर्धाच. आणि तेव्हा नऊ वाजले होते. कडुबानं सकाळी लिहिलेला अकराचा आकडा वाचून लाइनीतल्या बाया नुकत्या परतत होत्या, कॉलनीत सगळे फोन अजून चार्जिंगला किंवा मुलांच्या हातात. ती वेळ त्या घटकेला फक्त आशाबाईंना ठाऊक होती. त्यांनी ड्रम पुढं सरकवला असता तर वीस डबे आणि वर दोन दिवस निश्चिंत. त्या रस्त्याकडं बघत होत्या, घराकडं बघत होत्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही घेतलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. खरंच देणार नव्हतो.

त्यांनी खडू उचलला.

आजवर त्यांनी माझ्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं, वळण वाकडं म्हणून लाजायच्या. आता लिहायला लागल्या. ओळ चढावर गेली, मग उतारावर आली. पीठ आणि खडू एक झालं. "टंकर आज साडेनवला. अर्दाच हाय. घरटी दोन हंडे." शेवटचं वाक्य ग्रुपवर नव्हतं, ते आशाबाईंचं स्वतःचं. मग खालच्या तीन ओळी भरल्या. कुणी सांगतलं : गुरूप. कव्हा सांगतलं : नवला. कुणी लिव्हलं, इथं थोड्या थांबल्या आणि पूर्ण नाव लिहिलं, आशाबाई कडुबा. वाचता न येणाऱ्या सरूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना आशाबाईंनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि सरूबाईंनी अख्ख्या लाइनीत हाळी घातली.

विश्वजित गाडी काढून ऑफिसला निघाला होता. फोन त्यानं बघितलाच नव्हता. माझ्यासमोर येऊन गाडी थांबवली, काच खाली केली, वाचलं.

"आशाताई, आमच्या घरीही दोनच?"

"घरटी लिव्हलंय साहेब. तुमचं घर नाय का?"

तो हसला. गाडी तिथंच बाजूला लावली, घरी गेला आणि बायकोच्या चकचकीत स्टीलच्या दोन कळशा घेऊन रांगेत उभा राहिला, टाय लावून, सरूबाईंच्या मागं. कॉलनीतलं एक घर पाइप घेऊन आलं तर टँकरवाल्यानं माझ्याकडं हात केला. "बोर्ड पे क्या लिखेला है? वोइच मिलेगा." बत्तीस घरं, चौसष्ट हंडे, आणि तळाशी थोडं उरलंच. ते सगळ्यांनी मिळून आशाबाईंच्या ड्रमात ओतायला लावलं. बाई नको नको म्हणत राहिल्या आणि कुणी ऐकलं नाही. त्या दिवशी मी इतका खुशीत होतो की दुपारच्या उन्हाचंसुद्धा काही वाटलं नाही.

ती 'तात्पुरती' भरती आजतागायत कुणी रद्द केलेली नाही. शहराचं नाव बदललं, आता ते छत्रपती संभाजीनगर झालं. मोकळा प्लॉट निम्मा बांधून निघाला, कडुनिंब कसाबसा वाचला, त्याच्यामुळं मीही. एक कड उंदरांनी कुरतडलीय, मधोमध चीर गेलीय. नळाची पाइपलाइन दाराशी आली आहे, पाणी येईल तेव्हा येईल. आता लाइनीत घरोघरी फोन आहेत. पण कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाचा फोन पोराच्या परीक्षेला, कुणाला छोटी अक्षरं दिसत नाहीत. आशाबाईंचे डबे चाळीस झाले, वळण अजून वाकडंच आहे, आणि अनंतराव काठी टेकत येऊन रोज ते वाचतात, चुका काढत नाहीत.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर लिहिलंय, टँकर आज चारला, आणि खाली कुणी सांगतलं, कव्हा सांगतलं तेही. वाचलंत ना? आता घरी जाताना वाटेतल्या ज्या दाराला कुलूप नाही, म्हणजे आत कुणीतरी आहे, तिथं एकदा थांबा आणि सांगून पुढं जा.